तिसरी मूठ

पालेगावात लग्नाआधीच्या हळदीच्या मटणाला मीठ घालायचा मान हरिचंद्राचा होता. तो त्याला कोणी दिला, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं. स्वयंपाकी कोणीही असो, मसाला कोणाच्याही घरचा असो, टोपाला उकळी फुटली की हरिचंद्राला बोलावणं जायचं. तो गळ्यात उपरणं टाकून यायचा, हात धुऊन पुसायचा आणि खडे मिठाच्या पिशवीत उजवा हात घालायचा. पंधरा किलोच्या टोपात आधी दोन मुठी. मग पळीतला रस्सा तळहातावर घेऊन, डोळे मिटून चाखायचा. तिसरी मूठ. पुन्हा चाखायचा. चौथी मूठ. मग म्हणायचा, "बस." त्या 'बस'नंतर टोपात मिठाचा एक खडा टाकायची कोणाची छाती नव्हती.

त्याचा आजा खाडीकाठच्या मिठागरावर मीठ पिकवायचा. मिठागर गेलं, इकडे शेती आली, शेतीच्या जागी सात मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका इमारतीत हरिचंद्राला दोन फ्लॅट मिळाले. पण मूठ तीच राहिली. "आमच्या रगतातच मीठ हाय," असं तो अभिमानाने सांगायचा.

एकोणसत्तराव्या वर्षी, चक्कर आली म्हणून अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा तिथेही त्याने हेच सांगितलं.

"तेच तर मी म्हणतोय," डॉक्टर यंत्राकडे बघत म्हणाले. "एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव. गोळी रोज सकाळी, चुकवायची नाही. चालणं अर्धा तास. आणि मीठ कमी."

हरिचंद्राने गोळी मान्य केली, चालणंही मान्य केलं. तिसऱ्या गोष्टीला तो नुसता हसला. डॉक्टर परगावचे असावेत, असं त्याला वाटलं.

पण सोबत नात होती. मनाली जीवरसायनशास्त्रात बीएस्सी झालेली, अंबरनाथच्याच एका लॅबमध्ये नोकरीला. तिला कुठलीही गोष्ट आकड्यात सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरी आल्यावर तिने एक छोटा चमचा आजोबांसमोर ठेवला.

"दिवसाला पाच ग्रॅम. हा सपाट चमचा. भाजी, आमटी, लोणचं, सगळं धरून."

"हा चमचा तर मी नुसत्या काकडीवर घेतंय, बाय!"

"म्हणूनच एकशे अडुसष्ट."

"माजा बापूस नव्वद वर्सं जगला. सुक्या बोंबलाशिवाय घास नाय खाल्ला."

"पणजोबा दिवसभर उन्हात शेतात राबायचे, त्यांचा घाम निघायचा. तुम्ही लिफ्टने खाली जाता आणि बाकावर बसता."

हरिचंद्राने मदतीसाठी बायकोकडे, मोतीबाईकडे बघितलं. चूक तिथेच झाली. पंचेचाळीस वर्षं हा माणूस तिच्या प्रत्येक कालवणाचा पहिला घास घेऊन "मीठ कमी" म्हणत आला होता. मोतीबाई उठली, फळीवरून लोणच्याची बरणी, पापडाचा डबा आणि सुकटीची पिशवी काढली आणि हसत हसत शेजारणीला देऊन आली.

"अवो, आता बोला मीठ कमी," ती म्हणाली. "रोज बोला. मना आयकायला बरा वाटंल."

खरी अडचण वेगळीच होती. पुतण्या प्रीतमची हळद सात आठवड्यांवर आली होती. तीनशे पानं, मटणाचे तीन टोप. बीपीचं कळल्यावर मोतीबाईचा भाऊ सदू गावभर सांगत सुटला होता, "दाजी आता अळनी झाला. प्रीतमच्या हळदीला मीठ दुसऱ्या कोनाला तरी सांगा." हे हरिचंद्राच्या कानावर आलं, तेव्हापासून त्याला रक्तदाबाची नव्हे, त्या हळदीची काळजी लागली. लोक आजाऱ्याला भेटायला येतात. मीठ घालायला बोलावत नाहीत.

"माजा हात बघ," तो एका संध्याकाळी मनालीला म्हणाला. "हात हाय तसाच हाय का नाय, तुजा काटा लाव आन सांग."

मनालीला असलं काही सांगायचाच अवकाश. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, परात ठेवली, आणि आजोबांना दहा वेळा मूठ भरायला लावली. प्रत्येक वेळी वजन लिहिलं. एकाहत्तर, सत्तर, सत्तर, एकोणसत्तर, एकाहत्तर. दहाव्या मुठीला तिने चष्मा काढून पुसला.

"आजोबा, सरासरी सत्तर. फरक जेमतेम एका ग्रॅमचा. आमच्या लॅबमधली नवीन पोरंसुद्धा इतकं नेमकं मोजत नाहीत."

ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पालेगावभर झाली, आणि ती करणारा हरिचंद्रच होता. प्रीतम स्वतः घरी आला. "काका, मीठ तुमीच घालनार. सदूमामाला बोलू द्या."

"मग चाखता कशाला?" मनालीला प्रश्न पडलाच होता. "चार मुठी ठरलेल्याच असतील, तर एकदम टाकायच्या."

"अगं, बकरा दर वेळी येगला, पानी येगला, मसाला येगला. हात टाकतो, पन थांब कवा ते जीभ सांगते. हात नोकर, जीभ मालकीन."

मनालीने हे वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. शास्त्र शिकलेल्या माणसाने ते सोडायला नको होतं.

पहिला आठवडा हरिचंद्राने कागद चावल्यासारखा काढला. दुसऱ्या आठवड्यात त्याने ताटाला नमस्कार करून जेवायला सुरुवात केली, कारण असलं जेवण देवाच्या नावावरच उतरतं, असं त्याचं म्हणणं. अधूनमधून चोरीही केली. हळदीचे कपडे आणायच्या निमित्ताने तो दोन शेअर रिक्षा बदलून उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जायचा. तिथे एका सिंधी कापडवाल्याकडे गिऱ्हाइकाला पाण्यासोबत भाजलेला पापड द्यायची रीत होती. हरिचंद्र एका टोपीसाठी तीन वेळा गेला आणि पाच पापड खाऊन आला.

मग हळूहळू जाणं कमी झालं. सकाळी तळ्याच्या बाजूने चालायची सवय लागली, मोतीबाईही सोबत यायला लागली, आणि लिंबू, कोथिंबीर, भाजलेल्या खोबऱ्याच्या कालवणात चव असते असा त्याला उशिरा शोध लागला. सहाव्या आठवड्यात तो कॅम्प तीनला गेला, पापडाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि थबकला.

"साईं, पापड में नमक ज्यादा डालने लगे क्या?"

"काका, वही पापड़ है। मेरी मां बनाती थी, अब बीवी बनाती है। नमक वही।"

"तो फिर तुम्हारी बीवी का हात बिगड़ गया है," हरिचंद्राने तज्ज्ञाचं मत दिलं, उरलेला पापड ताटलीत ठेवला आणि दोन पेले पाणी पिऊन निघाला. त्या आठवड्यात बीपी एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी आलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि गोळी चालूच ठेवायची म्हणून बजावलं.

हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता बोलावणं आलं. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तीन टोप रटरटत होते. स्वयंपाकी श्यामकांत बदलापूरचा, हुशार माणूस. त्याने मिठाची पिशवी पुढे केली आणि मागे सरकला. आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली. सदू सर्वांत पुढे, हाताची घडी घालून.

पहिली मूठ. दुसरी मूठ. हरिचंद्राने पळी हलवली, रस्सा तळहातावर घेतला, फुंकला, डोळे मिटून चाखला.

तिसरी मूठ त्याच्या हातात भरलेलीच होती. हात टोपावर गेलाही होता. पण जीभ म्हणाली, थांब. त्याने पुन्हा चाखलं. जीभ म्हणाली, अरे थांब म्हणते ना! चव भरलेली होती, वर आणखी मीठ टाकलं असतं तर खारट झालं असतं. हात चाळीस वर्षांच्या सवयीने पुढे ओढत होता, पण मालकीण ती मालकीण. हरिचंद्राने तिसरी मूठ पिशवीत परत टाकली.

"बस."

"काका, चार असतात ना?" श्यामकांतने हळूच विचारलं.

"बकरा गोड हाय," हरिचंद्र म्हणाला. "तिन्ही टोपांना दोन-दोन."

पहिली पंगत ऊन उतरताच बसली. पहिल्या पंगतीला रीतीप्रमाणे म्हातारी माणसं आणि बायका. भाकरी मोडल्या, रस्सा वाढला गेला. एरवी या वेळी "आहाहा" ऐकू येतं. आज नुसता डीजे ऐकू आला. मग कोणीतरी वाढप्याला खुणेने बोलावलं, आणि पंगतीत एक वाडगा शिरला. हरिचंद्राला तो लांबून दह्याचा वाटला. जवळ गेल्यावर दिसलं. मीठ.

हरिचंद्राच्या जेवणावर मिठाचा वाडगा फिरत होता.

"दाजी," सदू पानावरून ओरडला, "मीठ घालायला इसरला का बीपीची गोली टाकली टोपात?"

आख्खी पंगत हसली. हरिचंद्राने घाईने पळीभर रस्सा घेऊन चाखला. चव बरोब्बर होती. लोकांना झालं होतं काय? मनाली शेजारी आली. तिने चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि पुढच्या क्षणी कपाळावर हात मारून घेतला.

"आजोबा, चूक माझी आहे. सहा-सात आठवडे मीठ कमी खाल्लं की जिभेला कमी मीठही पुरेसं लागतं. तुमची जीभ बदललीय."

"बदलली? मना न इचारता?"

"तुम्ही घरी येऊन कुरकुरलात, तो पापडसुद्धा खारट नव्हता."

हरिचंद्राच्या डोळ्यांसमोर त्या सिंधी माणसाची निर्दोष बायको उभी राहिली. तो टोपांकडे वळला. श्यामकांत पिशवी घेऊन उभाच होता. "काका, टाका दोन-दोन मुठी. उकळी फोडतो. दुसऱ्या पंगतीला कोनाला कळनार पन नाय."

सोपं होतं. हरिचंद्राने हात पिशवीत घातला, आणि तेवढ्यात त्याची नजर पंगतीवर गेली. पहिल्या रांगेतले नाथाशेट गेल्या वर्षी अर्धांगवायूतून उठलेले. त्यांच्या बाजूच्या विठाकाकीच्या पायाला सूज. आणि वाडग्यातून दोन बोटांनी नव्हे, चार बोटांनी मीठ उचलणारा सदू, लालबुंद.

"बाय, चार मुठी टाकल्या तर एका पानाला किती जातं?"

मनालीने क्षणभर हवेत बघितलं. "तीन टोप, तीनशे पानं. पावणेतीन ग्रॅम. दिवसाच्या निम्म्याहून जास्त, एका जेवणात."

"आन दोन मुठींनी?"

"त्याच्या अर्धं."

"मग श्यामकांत, टोपात दोनच ऱ्हातील. बाकीचा मीठ मी वाढनार."

त्याने सहा मुठी मोजून एका पातेल्यात घेतल्या, वाढप्याच्या हातातला वाडगा काढून घेतला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मीठ घालायचा मान त्याचा होता. कुठे घालायचं, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

"नाथाशेट, बीपी किती?"

"एकशे पन्नास."

"लिंबू घे. पुढं. विठा, तुजा?"

"मना नाय म्हाईत."

"मग तुला नाय. तू गं पोरी, वय किती? चोवीस? घे चिमूट. एकच! शिदोरी बांदतेस का, एवडा घेतेस?"

पंगतीत गलका उडाला. माणसं आपापले आकडे सांगायला लागली. काहींनी कमी करून सांगितले, तर शेजाऱ्यांनी दुरुस्त केले. हरिचंद्र सदूसमोर आला.

"तुजा किती?"

"मी कवा मोजलाच नाय. मना काय झालाय?"

"मोजल्याबिगर मीठ नाय. बाय, मशीन आन."

मशीन मनालीच्या पर्समध्येच होतं. आजोबा आज मटण खाणार म्हणून तिने आणलं होतं. पण ती अडून बसली. "असं नाही चालत. पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही, पाय जमिनीला टेकलेले. आणि हा डीजे चालू असताना तर अजिबात नाही."

"प्रीतम!" हरिचंद्र ओरडला. "डीजे बंद कर! सदूमामाचा बीपी घ्यायचा हाय!"

पिवळाधमक झालेल्या नवरदेवाने हात वर केला, आणि पालेगावच्या इतिहासात पहिल्यांदा हळदीचा डीजे भर रंगात बंद पडला. सदू खुर्चीवर बसला. पाच मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. हेही पहिल्यांदाच घडत होतं, आणि मोतीबाई मुद्दाम पुढे येऊन भावाचं गप्प राहणं बघत उभी राहिली.

यंत्राने फुगणं थांबवलं. मनालीने आकडा बघितला, थोडं थांबून पुन्हा घेतला, आणि आजोबांच्या कानात सांगितला.

हरिचंद्राच्या तोंडावर आलेला टोमणा तिथेच थांबला. त्याने वाडगा खाली ठेवला आणि मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकला.

"सदू, उद्या सकाळी नऊला तयार ऱ्हा. डॉक्टर अंबरनाथला बसतात. मी येतंय."

"किती हाय, दाजी?"

"माज्यापेक्षा जास्त."

सदू परत आपल्या पानावर येऊन बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. "लिंबू तरी दे," तो म्हणाला.

सगळ्या पंगती उठल्यावर मनालीने उरलेलं मीठ वजनकाट्यावर ठेवलं. चारशे वीसपैकी दोनशे साठ ग्रॅम परत आलं होतं. ती वहीत लिहीत होती, तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक माणूस हात पुसत हरिचंद्राजवळ आला. त्याच्या मुलीची हळद पुढच्या महिन्यात होती.

"काका, तुमी यायचा. आन नातीला पन आना, मशीन घेऊन. आमच्याकडं म्हातारी मानसं लय हाईत."

हरिचंद्राने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"यीन," तो म्हणाला. "पन डीजेवाल्याला आधीच सांगून ठेव."