दोऱ्याला बांधलेली कलेजी

“आबा, पाण्याला हा वास कसला?” पोहरा नाकाजवळ नेत रूपालीने विचारले.

झुलालआबा धुतलेली टोपी घालून विहिरीच्या काठावर उभे होते. साक्रीकडच्या त्या गावात पिण्याच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकण्यातच त्यांचा जन्म गेला होता. ही विहीर मात्र गुराढोरांची, त्यामुळे पावडरीच्या पाळीत ती कधी आलीच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या कॉलेजातल्या या पोरीने दोऱ्याला कलेजीचा तुकडा बांधून इथे सोडला होता. वर काढला तर त्याला नखाएवढे, पांढरे, चपटे किडे चिकटलेले. माळकरी आबा चार हात लांब सरकले. पोरगी मात्र हरखली. डोळे नाहीत, तोंड पोटाच्या मधोमध, कापला तर तुकड्यातुकड्याचा नवा जीव होतो. आणि ही जात अजून दुसरीकडे कुठे सापडलेली नाही, म्हणाली.

“म्हंजे आपलाच गावमा शे?”

“फक्त तुमच्या विहिरीत, आबा.”

त्या ‘तुमच्या’ने आबांचा भाव वधारला. सोयऱ्यांत, बाजारात, कुणी न विचारता ते किड्याचे गुण गाऊ लागले. बायको पुष्पाबाई म्हणे, “मन्हा दुखनाना इतला बोभाटा कधी नही करा.”

आज रूपाली मोठ्या सरांना घेऊन आली होती. जिवंत किडा पाहिल्याशिवाय ते त्याला नाव द्यायला तयार नव्हते.

“पाव्हना येवाव व्हतात ना, ताई,” आबा कौतुकाने म्हणाले. “म्हनीसन काल पावडर टाकी. दुप्पट. पानी कसं चकाचक शे, देखा.”

रूपालीने पोहरा खाली ठेवला. सरांनी कलेजी सोडली, बराच वेळ थांबले, वर ओढली. कोरी. पुन्हा सोडली. कोरीच.

“पन ताई, कापा तरी बी जगतस ना त्या?”

“कापल्यावर जगतात, आबा. पावडरीने विरघळतात.” मग गाडीत बसताना ती म्हणाली, “असू द्या.” रागावली असती तर आबांना सोपे गेले असते.

आता बाजाराच्या दिवशी आबा खाटकाच्या दुकानासमोर उभे राहतात.

“आबा, माळ उतारी का?”

“माळ जागावर शे. इतलुसा तुकडा दे.”

कागदाची पुडी घेऊन ते विहिरीवर जातात. आधी राखेने हात घासतात, वास घेऊन पाहतात, पुन्हा घासतात. माळकऱ्याने कलेजीला हात लावल्यावर हात धुवावेत. आबा आधी धुतात. पावडरीचा वास गेल्याची खात्री झाली, की मगच दोरा खाली सोडतात.