भोंगा वाजला तेव्हा मी फिरत होतो

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही पोलादाचे आहात, बोटाएवढे लांब आहात आणि तुम्हाला उलटे टांगून कुणी गरगर फिरवते आहे. आली ना भोवळ? मला येत नाही. मला भोवळ येते ती थांबल्यावर.

मी एक जुना ड्रिल आहे, लोखंडाला भोके पाडणारा. भट्टीत तापलो, तेलात बुडालो, अंगावर पीळदार पन्हळी कोरून घेतल्या, ते सारे सोसले. पण नंतर तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात पडून राहणे काही सोसवेना. शेवटी एका छोट्या कारखान्यातल्या वस्तादांनी मला बाहेर काढले.

वस्ताद माझ्या टोकाच्या दोन्ही धारा अशा सारख्या लावत, की लोखंडाचा कीस दोन्ही पन्हळींतून जावळासारखा कुरळा होऊन वर येई. एकच धार कापू लागली, तर कीस एकीकडूनच येतो आणि भोक वेडेवाकडे पडते. मी जरासा कुरकुरलो, की दांड्यावरचा त्यांचा हात लगेच वर जाई आणि मी लोखंडातून बाहेर येई. "बोल बाबा, काय दुखतंय?" असे म्हणून ते मला धारेच्या चाकाकडे नेत. प्रत्येक धारेला मी थोडा झिजे. वीतभर होतो, बोटभर झालो. पण नुसते पडून राहण्यापेक्षा झिजणे बरे वाटे.

वस्तादांची नात शाळा सुटली की कारखान्यात येई आणि मशीनपासून चार हात लांब खोक्यावर बसे. सारे तिला भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय कधी थाऱ्यावर नसत. एकदा ती फुरंगटून म्हणाली, "आजोबा, ड्रिलच्या तासाला माझाच पाय चुकतो. बाई म्हणतात, भिंगरी, तू वेगळ्याच गावाला निघालीस का?"

तेव्हा मला कळले, की माझ्या नावाचे भाऊबंद जगभर पसरले आहेत. शाळेची कवायत म्हणजे ड्रिल, दाताच्या डॉक्टरांकडचा भुणभुणा म्हणजे ड्रिल, शेतात ओळीने बी पेरणारे यंत्र ड्रिल आणि वस्तादांच्या खाकी सदऱ्याचे जाड कापडही ड्रिलच! आग लागली तर बाहेर कसे पडायचे, याच्या सरावालाही ड्रिलच म्हणतात. या शेवटच्या भावाने आमच्या कारखान्यात काय उलथापालथ केली, ते आता ऐका.

त्याआधी काही महिने मी बेचैन होतो. मी कुरकुरलो तरी वस्तादांचा हात वर जात नव्हता. एके दिवशी मी अक्षरशः किंचाळलो. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. माझे टोक जळून निळे पडले, तेव्हा भिंगरीच धावली आणि तिने त्यांची बाही ओढली.

"आजोबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

वस्ताद दाराकडे बघत हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस, बाळ. कळलं तर मशीन जाईल हातचं. मग मी दिवसभर करू काय?"

भिंगरीने मान डोलावली. पण त्या दिवसापासून खोक्यावर बसून ती नखे खाऊ लागली.

आणि एका दुपारी सरावाचा भोंगा वाजला. हातातले काम टाकून सारे अंगणात गेले. भिंगरीलाही कुणीतरी हाताला धरून नेले. आत उरलो आम्ही दोघेच. वस्तादांची पाठ दाराकडे होती आणि मी फिरतच होतो. मित्रांनो, माझ्या आवाजाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर एक डोके कमी भरले, तसे सुपरवायझर तरातरा आत आले आणि त्यांनी बटण बंद केले. मागोमाग सारे गोळा झाले.

"वस्तादांना बाहेर यायलाही वेगळं आमंत्रण लागतं!" वेल्डर हसला.

"भोंगा ऐकला नाहीत?" सुपरवायझरांनी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारले.

"ऐकला की. पण भोक अर्धं होतं," वस्ताद म्हणाले. बहिरा ठरण्यापेक्षा त्यांना हट्टी ठरणे परवडत होते.

"खोटं!" भिंगरी ओरडली. "त्यांना ऐकूच येत नाही. उद्या खरी आग लागली तर?"

कुणी हसले नाही. वस्तादांनी मान खाली घातली. सुपरवायझरांनी खांद्याला हात लावून त्यांचे तोंड आपल्याकडे वळवले. मग म्हणाले, "असं असेल, तर मशीनवर कसं ठेवू तुम्हाला?"

"भोंग्याबरोबर पेटेल असा दिवा लावा ना, काका," भिंगरी म्हणाली.

"आणि ड्रिल किंचाळला, तर त्याचा दिवा कुठून आणू?"

ओठांवरून सारे समजून घेत असलेले वस्ताद आता बोलले. "तो हाताला कळतो, साहेब. कीस डोळ्याला दिसतो. एकदा चुकलो, नाही म्हणत नाही."

"ठीक आहे. आधी दिवा. तोवर मशीन बंद. दिवा लागला की समोर उभा राहून तुमचं काम बघेन, मग ठरवू."

सारे पांगले. मी मशीनच्या पकडीत, म्हणजे चकात, लटकत होतो, अर्ध्या भोकात, अंगाला नुसती खाज सुटलेली. मित्रांनो, यंत्राची असो की माणसाची, कुरकुर ऐकलीत तर वेळीच हात वर घ्या. जळाल्यावर धार लावता येते, पण तेवढे आयुष्य कमी होते.

वस्ताद नातीकडे बघत नव्हते. भिंगरीने डोळे पुसले. आपले खोके ओढत मशीनपाशी आणले, त्यावर चढली, बंद मशीनचा दांडा धरला आणि आजोबा वाकतात तशी वाकली. तसे वाकल्यावर त्यांची नजर समोर कुठे पडत असेल, ते तिने नीट पाहून घेतले. मग खाली उतरली आणि समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर, बरोबर त्याच जागी, दिव्यासाठी खडूने एक फुली मारली.