गाडीतली जागा

तान्ह्या ओमची छाती आत ओढली जात होती. रंजितानं त्याला दारातल्या उजेडात आणलं, झबलं वर केलं आणि पाहिलं. मागच्या हिवाळ्यात तिची पहिली लेक वर्षा, तिच्याही बरगड्यांखाली असाच खड्डा पडत होता. तेव्हा सगळे म्हणाले, सर्दी आहे, उतरेल. नवरा इंद्रजीत कापसाच्या गाडीवर हमालीला गेलेला. तो आल्याशिवाय निघायचं कसं, म्हणून दिवस वाया गेला. दुसऱ्या सकाळी ती पोरीला घेऊन फाट्यावर गेली, तर जीप भरल्याशिवाय सुटेना. यवतमाळ यायच्या आधीच वर्षा तिच्या मांडीवर थंड झाली.

त्याच आठवड्यात गावातल्या रामरावांच्या नातीला, प्रेरणालाही तसाच खोकला, तसाच ताप होता. तिला घेऊन त्यांची गाडी रंजिताच्या तांड्यासमोरून गेली तेव्हा रंजिता वर्षाला कडेवर घेऊन दारातच उभी होती. हाक मारायला तिचं तोंड उघडलं नाही. प्रेरणा दुपारच्या आत दवाखान्यात पोचली आणि वाचली.

रंजिता रामरावांच्याच शेतात कापूस वेचायला जायची. बांधावर प्रेरणा आईच्या मांडीत खिदळताना दिसली, तरी तिला त्या पोरीचा कधी राग आला नाही. पण दोघी आपापल्या आयांच्या सारख्याच लाडक्या होत्या, मग आपण कुठं कमी पडलो, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तांड्यातल्या बाया म्हणत, नशीब. नशीब कसलं? जीप भरली नव्हती.

"ओव्याचा शेक देऊ," सासू मानीबाई म्हणाली. "इंद्रजीत संध्याकाळी येते, मंग पाहू."

"मी संध्याकाळची वाट पाहत नाही, याडी." तांड्यात आईला म्हणतात तसं ती सासूलाही याडीच म्हणायची.

"एकटी कशी जाशीन? अन् कशानं?"

रंजितानं अ‍ॅम्बुलन्सला फोन लावला. गाडी एका पेशंटला घेऊन उमरखेडच्या बाजूला गेली होती. पाठवतो, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं. तिनं फोन कमरेला खोचला, ओमला छातीशी उभं धरलं आणि गावाची वाट धरली. मागून सासू हाका मारत होती.

रामरावांच्या दारात गाडी निघायच्या बेतात होती. पुढं हार घातलेला, सगळे नवीन कपड्यांत. प्रेरणा वाचावी म्हणून बोललेला नवस फेडायला घर कळंबला, चिंतामणीच्या देवळात चाललं होतं. मुलगा कपिल स्टिअरिंगवर, शेजारी रामराव, मागं त्यांची बायको मैनाबाई, मैनाबाईंची बहीण धुरपताबाई, आणि प्रेरणाला मांडीवर घेतलेली सून निकिता.

"काकू, ओमले दम लागला. यवतमाळवरूनच जाता ना? मले दवाखान्यात सोडा."

"अवं, पाय ठेवाले जागा नाही," मैनाबाई म्हणाल्या. "अन् आमच्या पोरीची छाती आधीच नाजूक. तुह्या पोराचा खोकला तिले लागला म्हंजे?"

त्यांची भीती खोटी नव्हती. रंजितालाही ती कळली. पण ती बाजूला झाली नाही, उलट गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"फाट्यावर जीप भेटते ना बाई," रामराव म्हणाले.

"भरल्याशिवाय सुटत नाही ते, काकाजी. मागच्या साली ही गाडी आमच्या दारासमोरून गेली, तवा मले हाक माराची लाज वाटली. आज मले लाज नाही वाटत. मी हटत नाही इथून."

कपिलनं हॉर्नवर ठेवलेला हात काढून घेतला. कोणी काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं आणि निकिता प्रेरणाला घेऊन खाली उतरली.

"तू काहून उतरली? नवस तिचाच आहे ना!" मैनाबाई ओरडल्या.

"चिंतामणी कुठं जाते, आई? उद्या जाऊ. तुम्ही बी उतरा. मावशी, तुम्हीही." मग ती नवऱ्याकडं वळली. "आर्णीत थांबू नका. सिद्धे यवतमाळ. रंजिता, त्याले असाच उभा धरजो, आडवा नको निजवू."

धुरपताबाई पुटपुटत उतरल्या. मैनाबाई क्षणभर तशाच बसल्या, मग नारळाची पिशवी घेऊन त्याही उतरल्या. रंजिताकडं त्यांनी पाहिलं नाही.

रस्ताभर कपिल हॉर्न वाजवत राहिला. रंजिता ओमच्या कानात बोलत होती, काय ते तिलाही आठवत नाही. दवाखान्यात नर्सनं पोर हातातून जवळजवळ हिसकावून नेलं, नाकावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी छाती तपासली.

"कधीपासून असं?"

"आज सकाळपासून."

"वेळेत आणलंत."

तेव्हा तिला रडू फुटलं. रडतानाही तिनं ओमचा पाय मुठीतून सोडला नाही.

संध्याकाळी इंद्रजीत आला आणि वॉर्डाच्या दारातच खाली मान घालून उभा राहिला. ओमचा श्वास तोवर थोडा हळू झाला होता. डॉक्टरांनी विचारलेलं रंजितानं त्याला सांगितलं: राहता त्याच खोलीत चूल पेटते का? बाळाला त्या धुराचा त्रास होतो.

"चूल बाहेर काढाची," ती म्हणाली. "अन् मागची भिंत फोडून खिडकी."

"एकच खोली आपली. आता या थंडीत?"

"आताच."

ओम बरा होऊन घरी आला तरी भिंत तशीच होती. रंजितानं त्याला अंगणात मानीबाईच्या मांडीवर दिलं, शेजारच्या हंसाबाईकडून टिकाव आणला आणि पहिला घाव घातला. माती ढासळली.

"अवं, घर पाडतं का?" मानीबाई चिडली. "माह्यी लेकरं याच धुरात वाढली!"

"किती वाढली, याडी?"

रंजिता हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. पण मानीबाईचे दोन मुलगे अंगणात चालायला शिकायच्या आधीच गेले होते. ओमच्या डोक्यावरून म्हातारीचा हात फिरत राहिला, फिरत राहिला.

इंद्रजीतनं येऊन रंजिताच्या हातातला टिकाव घेतला. तिनं मग घराच्या कडेला, खिडकीपासून लांब, चुलीसाठी दोन लाकडी बल्ल्या रोवल्या आणि वर जुने पत्रे टाकले. मानीबाईनं झोपलेल्या ओमला बाजेवर ठेवलं, पदर खोचला आणि माती कालवायला बसली.

"चुलीचं तोंड कोणीकडं करू?" तिनं विचारलं.

"तू सांग, याडी. इथला वारा तुले जास्त कळते."