घाटातला काटा

माझ्या नवऱ्याच्या तोंडून कुणासाठी चांगला शब्द निघाला तर अख्ख्या मखमलाबादला पेढे वाटीन, असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आले. हलवायाकडं जायची वेळ काय आली नाय. त्या दसऱ्याला मात्र पाय दारापर्यंत गेला होता. गणपती दूध प्याले ना, त्याच सालचा दसरा.

आमची जीप पेट्रोलवरची. झेंडू, मेथी, कोथिंबीर, सगळं तीच मार्केटला न्यायची. तिचं इंजिन बसलं अन् आमच्या यांनी (नाव यादव, घेतलं एकदाचं) ती विकायला काढली. नामपूरचा कांद्याचा व्यापारी कारभारीशेठ घ्यायला टपूनच होता. तेवढ्यात माझा थोरला, दिनेश, मधी पडला. शहरातल्या गॅरेजात हात काळे करून शिकलेला पोरगा. मालेगावच्या भंगारातून एका टेम्पोचं डिझेल इंजिन घेऊन आला.

बापाला म्हणाला, "दादा, हे मी जीपला बसवतो. चाललं, तर रस्त्याकडची जागा मला गॅरेजला द्यायची."

"अन् नाय चाललं तर?"

"तर जीप शेठला द्या. मी मामाच्या ओळखीनं अंबडला कंपनीत लागतो."

हे म्हणाले, "वजन भरून कसारा घाट चढवायचा. गाडी मधी थांबली किंवा पाणी उकळलं, की विषय संपला."

बाप हाय का फौजदार! पण पोरगं पण ह्यांचंच. मान हलवली अन् जीपखाली शिरलं.

नवरात्रभर आमच्या अंगणात तेच चाललं. पेट्रोलच्या गाडीला टाकीपासून एकच नळी. दिन्या म्हणे, डिझेलला दोन लागतात. एकीतून तेल इंजिनाकडं जातं, जळून उरलेलं दुसरीतून टाकीत परत येतं. ह्यांनी ऐकलं मात्र, "परत कशाला? डिझेल काय माहेरपणाला येतंय?"

"त्याला परत नाय येऊ दिलं तर इंजिन चालणार नाय दादा."

"हां. मग साडीचोळी पण करा."

मी पदर तोंडाला लावला. दिन्या हसला नाय. तांब्याच्या नळीत बारीक वाळू भरून तो ती वाकवत बसला. वाळू भरली की नळी मुडपत नाय, म्हणाला. दोन्ही नळ्या त्यानं सायलेन्सरपासून लांब, गाडीच्या कडेनं बांधून नेल्या.

खरा घोर पाण्याचा होता. नवं इंजिन लांबडं. पंखा रेडिएटरला घासायला लागला. मग दिन्यानं रेडिएटर पुढं सरकवला, पार तोंडावरच्या जाळीला टेकेपर्यंत. नवे रबरी होज घातले, क्लिपा आवळल्या, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून दाबून बघितला. दिवसातून धा वेळा बघायचा. मी म्हटलं, "अरे, पट्टा हाय का वासराचं पोट?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी वजनाची पोती भरली. मी बघते तर मुरूम.

"अहो, काळी माती वावरात पडलीय, अन् बांधावरचा मुरूम कशाला खणत बसलात?"

"जड असतो."

एवढंच. ह्यांच्याकडून दुसरा शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा.

अन् दसऱ्याला उठून अंगणात येते तर काय! जीपच्या तोंडावर झेंडूची माळ. माळ कसली, मांडीएवढा जाड हार. केशरी, पिवळा, मधी आंब्याची पानं, जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलेली. दसऱ्याला झेंडूला सोन्याचा भाव, तरी बांधाकडच्या सरीतली टपोरी फुलं ह्यांनी विकायला दिली नव्हती. रात्री माझ्या नकळत बसून ओवली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दरवर्षी जीपला दोन फुलं खोचणारा माणूस हा. पण मी बोलले नाय. बोलले असते तर माळ काढून ठेवली असती, असा हेकट माणूस.

बाजार उरकून दुपारी निघालो. दिन्या गाडी चालवायला, शेजारी हे, मागं पोत्यांवर मी अन् कारभारीशेठ. शेठ म्हणाला, "मी भी येस गाडीमा. माल देखीसन लेवो." माझ्या पोराची गाडी, अन् हा म्हणे माल बघून घेणार! मी त्याच्याकडं असं बघितलं की पुढं इगतपुरीपर्यंत तो गप पान चघळत बसला.

घाट उतरलो. खाली गाडी वळवली. ह्यांनी नुसतं म्हटलं, "हं."

चढ सुरू झाला. ऑक्टोबरचं ऊन, पोती भरलेली, पुढं ट्रकांची रांग. इंजिन एका सुरात चाललं होतं, तेलाला काही अडत नव्हतं. माझी नजर पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर. काटा मधोमध होता. एक वळण गेलं. काटा हलला. दुसरं वळण गेलं, अजून वर. खंडेराया, पोराचं तेवढं सांभाळ.

"काटा वर चालना, भो," शेजारून शेठ म्हणाला. काटा चढला म्हणून त्याला हसू लपवता येईना.

"शेठ, पान खा," मी म्हटलं.

दिन्याच्या कानामागून घाम वाहत होता. त्यानं गिअर बदलला, काटा चढतच राहिला. लाल रेघ बोटभर उरली. हे समोर बघत होते, जबडा आवळलेला. माथा अजून लांब. थांबला तर हरला, अन् नाय थांबला तर इंजिन जळणार. मनात म्हटलं, दामट रे बाबा, जळू दे ते इंजिन, पण थांबू नको!

दिन्यानं गाडी कडेला घेतली अन् थांबवली.

"थांबलास," हे म्हणाले.

"इंजिन मारून नाय जिंकायचं मला," दिन्या म्हणाला.

शेठ उडी मारून पुढं गेला, बॉनेट उघडलं अन् रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. दिन्या ओरडला, "हात काढा शेठ! भाजाल!" अन् त्याला धरून मागं ओढला. मग तो गाडीच्या तोंडाशी गेला अन् तिथंच थबकला. मी पण उतरले. बघते तर माळ आत ओढली जाऊन जाळीला चिकटलेली. आत रेडिएटरवर पाकळ्यांचा थर, शेणानं सारवल्यासारखा. वाऱ्याला शिरायला फट नाय. आधी रेडिएटर जाळीपासून हातभर मागं होता, दोन फुलांनी काय व्हायचं नाय. आता तो जाळीला टेकलेला, अन् वर ही मांडीएवढी माळ.

दिन्यानं माळेकडं बघितलं. मग बापाकडं. मग शेठकडं.

"पंख्याचा पट्टा ढिला पडलाय," तो म्हणाला. "माझीच चूक, दादा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पट्ट्याला काय धाड भरलीय?" मी अंगठा आत घालून पट्टा दाबला. "हा बघा! जरा तरी दबतोय का? अहो, तुमच्या माळेनं श्वास कोंडला त्याच्या गाडीचा! अन् हा शहाणा तुमचं नाक राखायला खोटं बोलतोय!"

"आई, गप ना," दिन्या म्हणाला.

"नाय गप बसत! नवरात्रभर खपलाय माझा पोरगा!"

हे उतरले. वाकून जाळीतून बघितलं, एक बोट घालून पाकळ्या ओढल्या. हातात केशरी लगदा आला. त्या लगद्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत ह्यांचा चेहरा तसा पडलेला मी बघितला नव्हता, मला बोलल्याचं वाईट वाटलं.

"तिचं खरं हाय," हे म्हणाले. माळेची सुतळी दातानं तोडली. मग कडेच्या गवताची काडी घेऊन रेडिएटरच्या एकेका फटीतली पाकळी काढत बसले. दिन्या काडी मागायला लागला, दिली नाय. सगळं साफ झाल्यावर अन् इंजिन निवल्यावर दिन्यानं पाणी भरलं.

शेठ म्हणाला, "पण गाडी थांबनी ना, भो. बोली ती बोली."

"बोली ती बोलीच," हे म्हणाले. "पण ती इंजिनाची होती, माझ्या माळेची नाय. दिन्या, खाली घे. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा उतरलो, पुन्हा वळलो. ह्या वेळी काट्याकडं बघायची माझी छाती झाली नाय. डोळे मिटून बसले. एकेक वळण अंगावरून गेलं. शेठचं पान चघळणं थांबलं तसं मी डोळे उघडले. समोर इगतपुरीची घरं, अन् काटा मधोमध, जिथं हवा तिथं. मी पोत्यावर बसल्या बसल्या रडले. दिन्यानं आरशातून बघितलं. हे मात्र बाहेर बघत होते.

"गाडी चांगली शे," शेठ हळूच म्हणाला. खरं बोलला, म्हणून पुढं मी त्याला घरी चहा पाजला.

दिवस मावळताना मखमलाबादला पोचलो. दिन्यानं पोती उतरवायला गाडी वावराकडं वळवली.

"तिकडं नको," हे म्हणाले. "रस्त्याकडं घे."

रस्त्याकडच्या जागेत गाडी उभी राहिली. ह्यांनी पहिलं पोतं स्वतः खाली ओढलं, तोंड सोडलं अन् मुरूम जमिनीवर ओतला. पायानं पसरला.

"काळ्या मातीत ऑइल सांडलं की राडा होतो," हे म्हणाले. "गॅरेजला मुरूमच लागतो."

मी उभीच राहिले. म्हणजे ह्या माणसानं आदल्या दिवशीच, घाट बघायच्या आधीच, जागा देऊन टाकली होती. अन् दिवसभर आमचे प्राण कंठाशी आणले! तोंडात शिवी आली होती, पण दिन्याकडं बघून गिळली. तो त्या मुरमाच्या ढिगाकडं बघत खांबासारखा उभा होता.

"बघतो काय?" हे त्याच्यावर खेकसले. "दुसऱ्या पोत्याला हात लाव."