एका ओळीत उरकलेलं वर्ष

‘महिला मंडळाचे वर्षभर मोलाचे सहकार्य लाभले.’

बस, एवढंच. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या वाडीच्या विहारात मुंबई मंडळाचा वार्षिक अहवाल वाचला गेला. त्यात क्रिकेटच्या सामन्यांना दोन पानं होती, विहाराच्या नव्या फरशीला एक पान होतं, अध्यक्षांच्या मुलाला बढती मिळाली त्याच्या अभिनंदनाचा चांगला लांब परिच्छेद होता. आणि आम्हा बायकांच्या अख्ख्या वर्षाला ही एक ओळ. अहवाल लिहिणारा सरचिटणीस नागसेन माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. ‘माझी सहल’ या विषयावर तीन-तीन पानं लिहायचा, आणि सहलीला गेलेलाही नसायचा. आम्ही गेलो, पाहिलं, केलं, तर त्याला दुसरी ओळ सुचली नाही.

म्हणून ते वर्ष मीच लिहून काढते आहे.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या अंगाला. पुरुष बरेचसे मुंबईला, उरलेले महाडच्या कारखान्यांत. वाडीत राहतात बायका, म्हातारे आणि शाळकरी पोरं. विहार झाडायचा आम्ही, पाहुण्यांचं जेवण रांधायचं आम्ही, आणि ठराव करायचे मुंबईकरांनी, ही रीत मी सून म्हणून इथं आले तेव्हापासून पाहते आहे. विहाराच्या पायाचे धोंडे वाडीखालच्या नदीतून आम्ही डोक्यावरून वर आणले होते. कमरेपर्यंत भिजायचो. तेव्हा आमच्या भिजण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढं लागेल.

वर्षाची सुरुवात महाडला झाली. वीस मार्चला आम्ही सगळ्या दरवर्षीप्रमाणे चवदार तळ्यावर गेलो होतो. गर्दी इतकी की पायरीवर दोन पावलं ठेवायला जागा नाही. माझ्या शेजारची मंजुळा, चाळिशीची बाई, नवरा कारखान्यात, मुलगी साक्षी आठवीत. तिनं वाकून पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सरळ उभी राहून म्हणाली, “बाई, दर वर्साला हितं येतो. ह्या पान्यासाठी एवढं झालं. आनि मी जर ह्याच पान्यात पडले ना, तर दगडासारखी बुडून मरंन.”

आधी आम्ही हसलो. मग हसू जिरलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, आपल्यातल्या कुणाकुणाला पोहता येतं? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मागच्या सीटवरून शर्मिला म्हणाली, “मला येतं. माझं माहेर दासगावचं, खाडीकाठचं. पन लग्नापासून पान्यात पाय नाय टाकला.”

“मग शिकीव की आमाला!” मंजुळा म्हणाली.

माझ्या वडिलांनी माझ्या दोन्ही भावांना याच तालुक्यातल्या एका डोहात पोहायला शिकवलं. पाठीला वाळलेले भोपळे बांधून. मी काठावर बसून दोघांचे सदरे सांभाळायची. एकदा म्हटलं, मलाही बांधा भोपळा, तर वडील म्हणाले, “तुला काय करायचंय पोहून?” वडील वाईट नव्हते. मला डी.एड. त्यांनीच करू दिलं, माहेरच्या वाडीत नावं ठेवणाऱ्यांना सुनावलं. पण पाणी मुलांचं, असं त्यांच्याही डोक्यात पक्कं होतं. साठ वर्षं झाली त्याला. सदरे मात्र मी आयुष्यभर सांभाळले. आधी भावांचे, मग नवऱ्याचे, मग मुलाचे.

एप्रिलात आम्ही वाडीखालच्या डोहात उतरलो. भोपळ्यांच्या जागी आता तेलाचे पाच लिटरचे कॅन. जुन्या साडीच्या पट्ट्यांनी ते पाठीला बांधायचे. कुणी नवऱ्याची पँट घातलेली, कुणी गाऊनवर ओढणी कसलेली, मी माझा जुना पंजाबी ड्रेस. तुळजाबाई अठ्ठ्याहत्तरची, ती कॅन बांधायला तयारच होईना.

“ह्यो डबा फुटला तर?”

“आजी, डबा नाय फुटत. तुमी फुटाल पन डबा नाय फुटायचा,” शर्मिला म्हणाली.

“आनि मगर आली म्हंजे?”

“महाडच्या नदीतली मगर हितवर कशाला येल? तिला तिथं काय कमी हाय?”

“अगो, तुला बघून आली तर बिचारी उलटी जाल!” कुणीतरी मागून ओरडलं, आणि तुळजाबाई शिवी देत देतच पाण्यात उतरली.

मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. नाकातोंडात पाणी जायचं, पाय खाली जायचे. शर्मिला माझ्या पोटाखाली हात धरून म्हणायची, “बाई, पाय मारा! पोरांना छडी मारायचात तसं मारा!”

“मी कधी कुणाला छडी मारली नाही गो.”

“तरीच पाय चालत नाय तुमचं!”

पावसात डोह लाल झाला, तेव्हा थांबलो. पण बायकांना आता पाण्याचं वेड लागलं होतं. साक्षीनं शाळेच्या पुस्तकात नदीचा उगम पाहिला आणि म्हणाली, आपली नदी पुढं सावित्रीला मिळते, मग सावित्री कुठून येते ते तरी बघू. ऑक्टोबरात आम्ही पोलादपूरहून महाबळेश्वरची एसटी धरली. आंबेनळी घाटात निम्म्या जणी ओकल्या, उरलेल्यांनी त्यांना लिंबं दिली आणि नंतर स्वतः ओकल्या. वर जाऊन पाहतो तर हाताच्या मनगटाएवढी धार. तुळजाबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. “एवढीशी? आनि हिनं महाडात माडीवर पानी नेलं?” म्हणाली. पुराच्या वर्षी तिची लेक महाडला रात्रभर पत्र्यावर बसून होती. ती धारेला रागावल्यासारखी पाठ करून बसली, आणि परत निघताना मात्र बाटलीत तेच पाणी भरून घेतलं.

जानेवारीत दुसरं टोक पाहिलं. बागमांडल्याला जाऊन गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या बोटीत, जंगलजेटीत, बसलो आणि सावित्री समुद्राला मिळते तिथून पलीकडे गेलो, पुन्हा अलीकडे आलो. काम काहीच नव्हतं. तिकीटवाला विचारत होता, मावशी, काय विसरलात का? काही विसरलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा बिनकामाचं कुठं तरी जाऊन आलो होतो.

आणि फेब्रुवारीत मंजुळेनं कॅन सोडला. कुणाला न सांगता पाठीवरची गाठ सोडली, तो डबा साक्षीकडे फेकला आणि डोह ओलांडून पलीकडच्या कातळावर जाऊन चढली. आम्ही श्वास रोखून उभ्या. ती वर उभी राहिली, आमच्याकडे वळली, चेहरा असा की आता रडते की काय. आणि ओरडली, “ए बायांनो! आता परत येऊ कशी?”

तिच्यानंतर आठवड्याभरात मीही ओलांडला. एकाहत्तराव्या वर्षी. पलीकडचा तो कातळ मी एवढी वर्षं लांबून पाहत होते. त्याला हात लावला तेव्हा तो उन्हानं गरम लागला. एवढंच सांगते, जास्त सांगता येणार नाही.

तर हे झालं ‘मोलाचे सहकार्य’.

ती ओळ वाचून नागसेन थांबला नाही. त्यानं पान उलटलं आणि ‘सूचना’ वाचायला घेतल्या. याच सुट्टीत मुंबईहून आलेल्या कुणा पोरानं डोहावरच्या साकवावरून आमचा व्हिडिओ काढला होता, तो ग्रुपवर फिरला होता. तेव्हा, महिलांनी यापुढे डोहात पोहण्यास उतरू नये. समाजाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. काही दुर्घटना घडल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.

मी उठून उभी राहिले. “नागसेन, व्हिडिओ काढणाऱ्या पोराला काय सूचना केली?”

“बाई, तो लहान आहे...”

“आम्ही मोठ्या आहोत म्हणून आम्हाला शिक्षा?”

अध्यक्ष दत्ताराम मुंबईतच नोकरीतून निवृत्त झालेले, माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाचे चिरंजीव, नात्यानं मला काकी म्हणतात. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “काकी, शिक्षा कसली? तुमच्या काळजीनंच म्हणतोय. तुमचं वय काय, हे काय...”

“माझं वय राहू दे. साक्षी चौदाची आहे. तिनं काय करायचं?”

“तिचं लग्न होईल, पोरं होतील, तिला काय करायचंय पोहून?”

साठ वर्षांनी तेच वाक्य.

“दत्ताराम, वीस मार्चला महाडला माईकवर तू काय बोललास? पाणी सगळ्यांचं आहे, असं बोललास ना? मी समोर बसले होते. टाळ्या वाजवल्या मी.”

“काकी, ते वेगळं.”

मागून तुळजाबाई ओरडली, “काय येगळं? ते पानी गोड हाय आनि आमचं खारट हाय?”

बायका हसल्या. पुरुष सतरंजीकडे बघायला लागले. नागसेन म्हणाला, “बाई, समजून घ्या. लोक नावं ठेवतात.”

“कोण लोक? नावं सांग त्यांची. वर्गात सांगायचास तशी सांग.”

त्यानं कागद अध्यक्षांकडे सरकवला. दत्तारामांनी ठराव मताला टाकला. आमच्याकडे घरटी एक हात, आणि तो हात वर्गणीच्या पावतीवर ज्याचं नाव असेल त्याचा. पावत्या सगळ्या पुरुषांच्या नावावर. वाडीत बारा महिने राहून ती वर्गणी भरतात बायका, पण नाव मुंबईच्या माणसाचं. नवरा गेल्यावर माझी पावती माझ्या नावावर झाली, म्हणून सबंध विहारात एका बाईला हात होता. त्या डोहात उतरलेल्या बाकी एकीनंही मत द्यायचं नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते आलेले ठरवणार.

हात वर झाले. मंजुळेचा नवरा भागोजी जरा थांबला, शेजाऱ्याकडे पाहिलं आणि त्यानंही हात वर केला. मंजुळा माझ्या बाजूलाच बसली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, वर पाहिलंच नाही. विरोधात माझा एकटीचा हात. तो खाली घेऊच नये असं वाटत होतं.

“ठराव मंजूर,” नागसेन म्हणाला.

“मंजूर,” मी म्हणाले. “उद्या सकाळी मी डोहावर असेन. माझी वर्गणी परत करायची तर तिथं आणून द्या.”

घरी आले ती रागानं जेवले नाही. आपल्या माणसांचा राग जास्त येतो. परक्यानं पाणी अडवलं तर लढायचं कसं ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. घरातल्यानं काळजीच्या नावाखाली अडवलं तर कुणाविरुद्ध बोलायचं, हे कुणी शिकवलं नाही.

सकाळी मी, शर्मिला आणि तुळजाबाई, तिघीच. बाकीच्यांची दारं अर्धी उघडी दिसली, पण पायरी कुणी उतरली नाही. मंजुळेचं दार तर बंद होतं. मी पाण्यात उतरले, पण अंगात जीव नव्हता. पाण्याची ही हौस जिच्या तोंडून निघाली तीच नव्हती. तेवढ्यात साकवावर माणसं थांबली. दत्ताराम, नागसेन आणि आणखी दोघं, हातात बॅगा. मुंबईच्या गाडीसाठी रस्त्याकडे निघालेले. कठड्याला टेकून उभे राहिले.

आणि पायवाटेनं मंजुळा आली. डोक्यावर गोधड्यांचं हे एवढं गाठोडं. पाठीमागं साक्षी, हातात साबणाचा डबा. मंजुळेनं गाठोडं खडकावर टाकलं, एक गोधडी भिजवून तिच्यावर धोंडा ठेवला, पदर खोचला, आणि सरळ पाण्यात चालत आली. गुडघे, कंबर, गळा.

“मंजुळा, हे काय चाललंय?” दत्ताराम वरून ओरडले.

“धुनं धुते, भावजी!” गळ्याइतक्या पाण्यातून ती म्हणाली. “धुन्याला बंदी नाय ना? ठरावात नाय म्हने!”

आणि आडवी होऊन पाय मारत पलीकडे निघाली. तिच्यामागं साक्षी. शर्मिला इतकी हसली की तिच्या नाकात पाणी गेलं. तुळजाबाईनं साकवाकडे बघून हात हलवला. वर नागसेननं बॅग या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

मला मात्र हसू आलं नाही. गंमत होती खरी, पण मला ती गंमत नको होती. स्वतःसाठी पाण्यात उतरायला एका शहाण्या बाईला गोधडीचा आडोसा लागावा, याचा मला रागच आला. सगळ्या जगाची घाण धुवायला उतरलं तर कुणाची प्रतिष्ठा जात नाही. मी तिच्या मागं पोहत गेले, कातळाला हात लावला आणि धापा टाकत म्हणाले, “मंजुळा, पुढच्या वेळी रिकाम्या हातानं ये. गोधड्या घरी ठेव.”

ती कातळावर बसून केस पिळत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, “येईन बाई. रोज येईन. भागोजीला सांगूनच आलेय मी, का त्यानं हात वर केला तो त्याचा, माझा नाय.” मग पलीकडच्या काठावरच्या गाठोड्याकडे बघून तिनं सुस्कारा सोडला. “पन गोधड्या आज धुवाव्याच लागतील. पाहुन्यांनी लई मळवल्यात.”

साकवावरचे पाहुणे अजून उभेच होते. “मग त्यांनाच हाक मार,” मी म्हणाले, “गाडीला वेळ आहे अजून.”

मंजुळेनं खरोखरच दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली.