माघात लिंब मोहरला

आधी वाटलं तांदळाचा दाणा आहे – बंडीच्या खिशाच्या शिवणीत अडकलेला, पिवळट, सुकलेला – आणि गोकुळने तो नखाने उकरून टाकूनही दिला असता, पण दाण्याला पाकळ्या होत्या. त्यांतली एक बोटाला चिकटून आली. वॉशिंग मशीनचं झाकण उघडं होतं, अपेक्षा स्वयंपाकघरातून विचारत होती की आबांचे खिसे बघितले का, मागच्या खेपेला चुन्याची डबी धुतली गेली होती... आणि तो म्हणत होता, बघतोय, बघतोय. त्याने ते फूल नाकाशी नेलं. वास सुपारीचा होता, थोडा आबांचा होता, पण जिभेच्या मुळाशी काहीतरी कडू जागं झालं. लिंबाचं, कडुलिंबाचं फूल होतं ते.

बंडी दिवाळीत शिवलेली. म्हणजे गेल्या चैत्रातलं फूल तिच्यात असण्याची सोय नाही. आणि आज माघ चालू आहे, अजून शिमगासुद्धा यायचा आहे... मग हे आलं कुठून? त्याने फूल तळहातावर घेतलं आणि बायकोला काही न सांगता मशीन चालू केलं.

चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं, मेंदूच्या. त्यासाठीच त्याने वाळूजच्या कंपनीत आज रजा टाकली होती. हे सगळं सुरू झालं ते संक्रांतीनंतरच्या एका सकाळी. चहाची बशी हातात धरून आबांनी विचारलं होतं, पाडवा कधी झाला, आणि गुढी का उभारली नाही कुणी. प्रेरणा, त्याची लेक, खळखळून हसली. आजोबा थट्टा करतायत असंच तिला वाटलं. पण आबा हसले नाहीत. ते खरंच दुखावले होते – गोकुळची आई गेली, मळा वाटेकऱ्याला देऊन पाचोडचं घर बंद केलं, म्हणून काय सणही सोडायचा, असं काहीसं पुटपुटले – आणि बशी तशीच ठेवून उठून गेले.

घरात एकदा संशय शिरला की त्याला रोज नवा पुरावा सापडतो. आबांनी पांघरूण घडी करून माळ्यावर टाकायला सांगितलं – पुरावा. पहाटे कोकिळा ओरडली म्हणाले, ती दुसऱ्या कुणालाच ऐकू आली नाही – पुरावा. माठ आणा म्हणाले, भर थंडीत... भर थंडीत? थंडी होती कुठे यंदा, गोकुळ स्वतः पंखा लावून झोपत होता. पण तेव्हा हे सुचलं नाही. मग एक दिवस आबा फिरून आले आणि शेजारच्या ओळीतल्या भलत्याच घराची कडी काढून आत शिरले. हडको वसाहतीतली घरं सगळी सारखीच, कुणाचीही गफलत व्हावी, पण ते आबा होते आणि आता आबांची गफलत ही गफलत राहिली नव्हती. त्यांचं एकट्याने फिरणं बंद झालं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी गोड आवाजात विचारलं, बाबा, महिना कोणता चालू आहे? आबांनी उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मोबाइलच्या दुकानाची पाटी होती. पाढा न आलेलं पोर शेजारच्याकडे बघतं तसे ते गोकुळकडे वळले आणि म्हणाले, चैत असंल. डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

त्या दिवसापासून साहेबराव नावाचा हा माणूस, ज्याने सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कधी कालनिर्णयाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, रोज सकाळी चष्मा लावून भिंतीसमोर उभा राहायला लागला. ओठ हलायचे – माघ... माघ... – आणि मगच तोंडातून शब्द निघायचा, तोही कामापुरता. गोकुळ हे दाराआडून बघायचा. त्याला माहीत होतं, मळ्यात आबांचं पंचांग वेगळं होतं. पळस पेटला की शिमगा, लिंब मोहरला की पाडवा, बहावा पिवळा झाला की बियाणं उन्हात घालायचं... आई विचारायची, आज तारीख किती हो, आणि आबा म्हणायचे, ते मास्तरला इचार, मला महिना इचार. आणि महिना कधी चुकत नसे.

लिंब मोहरला की पाडवा.

गोकुळने फूल खिशात टाकलं आणि चप्पल अडकवली. आबांची वाट त्याला ठाऊक होती, टीव्ही सेंटरकडून हिमायत बागेकडे. ह्याच वाटेने मी रोज मोटारसायकलवरून जातो, खड्डे बघत, सिग्नल बघत, सिग्नलला मोबाइल बघत... वर काय आहे ते मी शेवटचं कधी पाहिलं? आज तो मान वर करून चालला. वर किती काय काय होतं – वायरी, फ्लेक्स, फाटके पतंग – आणि मधेमधे झाडं, पण पहिला लिंब नुसता हिरवा होता, दुसऱ्याच्या फांद्या विजेवाल्यांनी छाटलेल्या. तिसराही तसाच. समजा नाहीच सापडला... फूल काय, कुठूनही येतं, वैद्याच्या पुडीतून येतं, एका फुलाच्या भरवशावर मी बापाला शहाणा ठरवायला निघालोय. एकदा वाटलं, परत फिरावं, न सापडण्यापेक्षा न शोधणं बरं.

"क्या देख रै भाई, पतंग अटकी क्या?" रस्त्याकडेच्या टपरीतल्या पंक्चरवाल्याने विचारलं.

गोकुळने खिशातलं फूल काढून दाखवलं. तो माणूस वैतागून म्हणाला की हा कचरा तर त्याच्या दुकानामागे रोज पडतो, पंधरा दिवस झाले, झाडून कंबर गेली. आणि त्याने टपरीमागे बोट केलं.

लिंब उभा होता. अर्धा अंगभर पांढरा, मोहराचे घोस पानांतून खाली आलेले, आणि दुसरी बाजू तशीच, पिवळी पानं गाळत बसलेली, जणू एकाच घरात एका खोलीत लग्न आणि दुसरीत झोप. मधमाश्या घोंघावत होत्या. वास आला. वासासरशी कुणाच्या तरी स्कूटरवर बसून गोकुळ रडायला लागला – रडायला की हसायला, पंक्चरवाल्यालाही कळलं नसावं, कारण तो पाण्याची बाटली ठेवून गेला. आबा शहाणे होते. आबांनी झाड पाहिलं होतं आणि झाडाने जे सांगितलं तेच घरी येऊन सांगितलं होतं. आबांचं डोकं ठिकाणावर होतं, वेळ चुकली होती ती झाडाची! त्याला इतकं हलकं वाटलं की पंक्चरवाल्याला मिठी मारावी.

आणि त्याच हलकेपणात, पाणी पिता पिता, त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके कशाने खूश झालो आहोत. थंडी पडली नाही म्हणून झाड फसलं. ते फसलं म्हणून माश्या आल्या, आज ना उद्या निंबोळ्या धरतील, कुणाला नको असतील तेव्हा पिकतील... हे सगळं बिघडलेलं निघालं, आणि मी देव पावल्यासारखा बसलोय. माझा एक म्हातारा शाबूत राहावा म्हणून अख्खा माघ बिघडलेला चालेल मला? चालेल, तो मनात म्हणाला, आज तरी चालेल. लाज वाटली, पण आनंद काही कमी होईना.

आबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. डॉक्टरांकडे जायचं म्हणून धुतलेला सदरा घालून, तासभर आधीच तयार.

"आबा, टपरीमागचा लिंब मोहरलाय. मी बघून आलो."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सदऱ्याचं वरचं बटण काढून त्यांनी ते पुन्हा लावलं.

"तू पाह्यलास?"

"पाहिला. निम्मा पांढराफेक आहे."

"मला वाटलं, मला नुसतं दिसतंय." आबांनी आता कुठे त्याच्याकडे मान वळवली. "लई भेव वाटलं रं गोकुळ. तुम्हा कुणाला सांगितलं नाय."

गोकुळ त्यांच्या पायाशी फरशीवर बसला. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवण्याचं वय केव्हाच सरलं होतं, तरी त्याने ठेवला. आठ दिवस हा माणूस चष्मा लावून भिंतीपुढे उभा राहत होता आणि मी दाराआडून बघत होतो... दोघंही एकाच गोष्टीला घाबरलेले, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही.

मग आबांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच काळजीने विचारलं, की मग त्या झाडाला काय झालं असंल. गोकुळला माहीत नव्हतं. जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं, की ऊन वाढलंय, थंडी राहिली नाही, झाडांना कळेनासं झालंय. आबा ऐकत राहिले, गावाकडचं कुणी आजारी असल्याचं ऐकावं तसे.

अपेक्षा म्हणाली, आता डॉक्टरांकडे कशाला जायचं? पण आबाच उठले. नंबर लावलाय तर जाऊ म्हणाले, आणि ते दुसऱ्याच्या घरात शिरलो होतो त्याचंही इचारून घेऊ. गोकुळला बरं वाटलं आणि पुन्हा थोडी धास्तीही वाटली, कारण त्या कडीचं उत्तर लिंबाकडे नव्हतं.

मोटारसायकलवर आबा मागे बसले आणि बोलायला लागले. आठ दिवसांचं तुंबलेलं सगळं. तो गुलमोहर बघ, शेंगा वाळल्या तरी टाकीत नाय. ती कोकिळा खरीच वरडली व्हती, माघात, तिलाबी कुणी सांगितलं असंल? चिंचेचं तेवढं नीट चाललंय अजून. नात्यागोत्यातल्या माणसांच्या खोड्या सांगाव्यात तसे ते सांगत होते आणि गोकुळ गाडी मुद्दाम हळू चालवत होता, मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात.

दवाखान्याच्या आधीच्या चौकात सिग्नल लागला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि डाक्टरनं महिना इचारला तर? माघ सांगू, का लिंबाचा सांगू?"

गोकुळने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीवरचा महिना खरा, आणि टपरीमागे मोहर पडत होता तोही खरा. आता माझ्या लेकीने कुठला धरावा?

"दोन्ही सांगा, आबा," तो म्हणाला, "मी आहे ना बरोबर." दोन्ही म्हणजे नेमकं काय, हे त्यालाही धड कळलं नव्हतं, पण आठ दिवसांनी पहिल्यांदाच मागे बाप मोठ्याने हसत होता.