डिलीटबाई

"डिलीट करा."

"केलं हो. बघा, गेलं."

"आता कचऱ्यातूनही."

म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. फोन त्याने दोन्ही हातांत धरला होता, भरलेली बशी धरावी तसा. "कचरा म्हणजे कुठला?"

"फोनमध्ये कचऱ्याची पेटी असते, काका. काढून टाकलेला फोटो महिनाभर तिथेच पडून राहतो. लोक मला डिलीट करून दाखवतात आणि दाराबाहेर गेले की परत उचलतात."

"अहो बाई, मी पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचो. चाळीस वर्षं नळ आणि व्हॉल्व्ह काढले, माणूस एकही नाही. आता शिकतोय. हात थरथरतो, इथे उभ्याने जमत नाही. घरी टेबलावर कोपर टेकवून सावकाश काढीन. फ्लॅशसुद्धा मारला नाही मी."

"फ्लॅश न मारता बाकीच्या खोल्यांत हवे तेवढे काढा. या खोलीतली चित्रं मालकांकडून मागून आणलीत. फोटो काढू द्यायचा नाही, अशी त्यांची अट आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

त्याला पेटी सापडेना. शेवटी तिने फोन त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या बोटाने दाबलं. कायमचं काढून टाकायचं का, असं फोनने एकदा विचारलं. तिने हो म्हटलं.

संग्रहालयात तिला सगळे डिलीटबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागचं नावच माणसाला आधी कळतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. पेटीची युक्ती भाचीने शिकवली होती, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत ती फक्त तिलाच ठाऊक होती. शाळेत कधी पहिला नंबर न आलेल्या माणसाला अशा गोष्टीचं अप्रूप असतं.

तिच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर ते चित्र होतं. स्टुलावर बसलेली एक बाई. हात मांडीत, मान जराशी दाराकडे वळलेली. उजवा पाय नखांसकट पुरा. डाव्या घोट्याखाली मात्र कोळशाच्या नुसत्या दोन रेघा. पाटीवर लिहिलं होतं, 'बसलेली स्त्री, अपूर्ण.' गाइड दिवसातून चार वेळा सांगे, "हा पाय चित्रकाराने मुद्दाम सोडला आहे. अपूर्णतेतच खरी पूर्णता असते." लोक माना डोलवत. डिलीटबाई मनात म्हणे, पूर्णता कसली डोंबलाची! माझी शाळा साडेबाराला सुटायची.

ती तिची आई होती. कलाशाळेत झाडलोट करायची. एके दिवशी ठरलेली मॉडेल आली नाही, म्हणून मास्तरांनी हिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि हिलाच स्टुलावर बसवलं. "चार तास बसवलं मेल्याने, चहासुद्धा विचारला नाही," आई सांगायची. मास्तर डाव्या पायाशी पोचले तेव्हा साडेबाराला थोडाच वेळ होता. ती उठली. ते ओरडत राहिले, ती मुलीला आणायला गेली. पुढे बापाच्या कानावर गेलं, की बायको परक्या पुरुषापुढे चार तास बसली. दोन दिवस त्याने अबोला धरला, तिसऱ्या दिवशी हात उचलला. त्यानंतर त्या घरात कॅमेरा शिरला नाही. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक फोटो मिळाला नाही.

पुढे इथे नोकरी लागली, महिन्याभराने खोली बदलून मिळाली आणि समोर आई. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी आधी चित्राकडे पाहिलं असतं आणि मग तिच्या पायाकडे. आपण फोटो घ्यावा, हेही कधी मनात आलं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतं?

अकरा वाजता साहेब आले. साहेबांना विनोदाची हौस होती.

"बाई, तुमची बसलेली स्त्री आज उठणार."

"म्हणजे?"

"चित्रकाराच्या नातवाने विकली. चारला पेटीवाले येतील."

"कुठे जाणार?"

"कुणाच्या तरी दिवाणखान्यात. तुमच्या-माझ्या दृष्टीला पुन्हा पडायची नाही."

ती खुर्चीवरून उठली. "साहेब, मला तिचा एक फोटो पाहिजे."

"तुम्हाला? डिलीटबाईंना?" साहेब मनापासून हसले. नाव पहिल्यांदाच तोंडावर आलं होतं.

"ती माझी आई आहे."

साहेबांनी आधी चित्राकडे पाहिलं. मग नजर खाली, तिच्या बुटांकडे गेली.

"पुरावा?"

"डावा पाय. माझी शाळा साडेबाराला सुटायची. आई मला आणायला उठली, म्हणून राहिला."

"त्या पायावर लोकांनी पुस्तकं लिहिलीत, बाई. आता तुमच्या शाळेपायी ती रद्दीत घालू?" साहेबांनी आवाज उतरवला. "आणि हे बाहेर बोलू नका. सौदा झालाय. आत झाडूवाली बसलीय म्हटल्यावर घेणाऱ्याचं तोंड कडू व्हायचं."

"एकच फोटो, साहेब."

"एकोणीस वर्षं लोकांना काय सांगताय तुम्ही? तेच मी तुम्हाला सांगतो."

छताला दोन कॅमेरे होते, आणि कामावरच्या सगळ्यांचे फोन गेटवरच्या पहारेकरी मामांच्या कपाटात कुलूपबंद असत. जेवणाच्या सुट्टीत ती मामांकडे गेली.

"मामा, माझा फोन द्या जरा."

"घरी कुणी आजारी?"

"नाही."

"मग पाचला घ्या."

"चित्र चारला जाणार आहे, मामा."

मामांनी डबा बंद केला, झाकणावर थोपटलं. "माझी नात आली होती, आठवतं? चार वर्षांची. नवा फ्रॉक घालून त्याच चित्रापुढे उभी राहिली होती."

"आठवतं."

"तिचा फोटो पेटीतूनसुद्धा काढायला लावलात."

तिने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं.

"पाचला घ्या," मामा म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर सकाळचा म्हातारा गुडघ्यावर वही घेऊन बसला होता. ती धावत गेली. पन्नाशीची बाई गणवेशात धावताना बरी दिसत नाही. तोही घाबरून उठला.

"मी काही केलं नाही हो! दुसरा काढलाच नाही."

"काका, सकाळचा फोटो कुणाला पाठवला होतात का? मुलाला, सुनेला?"

"पाठवता येत असता तर कचऱ्याची पेटी नसती का सापडली मला?"

तिने वहीकडे पाहिलं. पानभर पायच पाय होते. डावा पाय, त्या दोन रेघा, पुन्हा डावा पाय. नळ काढायची सवय असलेल्या हाताने ठाम ओढलेल्या रेघा, आणि शेवटाला थरथरलेल्या.

"ते तेवढं आठवणीत राहिलं," तो म्हणाला. "सोपं होतं."

"आणि चेहरा?"

त्याने पान उलटलं. अंड्यासारखा एक गोल होता, आत काहीच नव्हतं. "चेहरा फोटोवरून काढणार होतो."

"आत चला. चारपर्यंत वेळ आहे. माझी खुर्ची देते तुम्हाला. बसून काढा, कोपर टेकवा, मी कुणाला बोलू देत नाही."

म्हाताऱ्याने उजवा हात पुढे धरला. बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी फडफडत होती. "सकाळी जरा बरा असतो हा. खुर्ची सकाळी द्यायची होती, बाई."

वही पिशवीत घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी करत तो उतरून गेला.

चारला पेटीवाले आले. पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं, एक लाकडी पेटी, एक उभा दिवा. त्यांनी चित्र उतरवून स्टँडवर ठेवलं. भिंतीवर मागे फिकट चौकोन राहिला. मग त्यांच्यातला एक मोठा टॅबलेट घेऊन फोटोच काढायला लागला. कोपरे, चौकट, गालावरची बारीक चीर, पाय.

"हे चालतं?" तिने दारातल्या साहेबांना विचारलं.

"करारात आहे. निघताना माल कसा होता, त्याचा पुरावा लागतो."

ती जवळ गेली. एकोणीस वर्षांत दोरीच्या पलीकडे तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. इतक्या जवळून आईच्या कानामागे एक पिकलेला केस दिसत होता. तो मास्तरांनी सोडला नव्हता.

"ओ बाई, बाजूला व्हा! सावली पडतेय."

ती हटली, पण फोटो निघाला होता. त्याने टॅबलेट जोडीदाराला दाखवला. तिलाही दिसला. दिवा तिच्या मागे होता. तिच्या डोक्याची सावली नेमकी आईच्या मांडीवर पडली होती, हातांमध्ये ठेवल्यासारखी.

"खराब झाला," तो म्हणाला.

"खराब झालाय तर मला द्या. तुमच्या कामाचा नाही."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. त्याने बोट ठेवलं. फोटो गेला. तो टॅबलेट मिटू लागला.

डिलीटबाईंनी हात मागे बांधले आणि त्या दोरीच्या अलीकडे, आपल्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आता कचऱ्यातूनही," त्या म्हणाल्या. "इथे काढून दाखवा."